साडेसहा हजारांचा श्वास आणि सहाशेचा श्वास

साताऱ्यात माझं मेडिकल आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी बघते. दिवसाला शंभरेक माणसं चिठ्ठी पुढे करतात आणि मी औषध काढेपर्यंत त्यातली निम्मी आपलं दुखणं सांगून मोकळी होतात. हल्ली त्यात एक नवा प्रश्न आलाय. "मॅडम, ते श्वासाचं शिबिर करू का हो? आतलं सगळं मोकळं होतं म्हणतात." मी दोन्ही तऱ्हा करून बघितल्यात. काउंटरवर, मागे रांग असताना सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहिते.

पहिलं, वाईच्या पुढे धोमच्या बाजूला एका फार्महाऊसवरचं दोन दिवसांचं निवासी शिबिर. फी ६,५०० रुपये, जेवणखाण धरून. दुसरा, साताऱ्यातच एका देवळाच्या सभामंडपात रोज सकाळी सहाला भरणारा प्राणायामाचा वर्ग. महिना ६०० रुपये. नावं दोन्हींची देत नाही. पहिल्याचं नाही, कारण मला भांडण नकोय. दुसऱ्याचं नाही, कारण सर म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते, पण माणसं वाढली तर मी वर्ग बंद करीन."

आधी शिबिर. जागा झकास. खोल्या स्वच्छ, गरम पाणी, रात्री पिठलं-भाकरी आणि खरडा. आम्ही बावीस जण होतो, बहुतेक पुण्याचे, पस्तिशीच्या आतबाहेरचे. शिकवणारा तिशीतला मुलगा, बोलायला गोड. "मला गुरू म्हणू नका, मी फक्त सोबत आहे," असं त्याने पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा सांगितलं. पद्धत कुठून आली ते मात्र त्याने नीट सांगितलं नाही, 'प्राचीन ऋषींचं विज्ञान' एवढ्यावर भागवलं. ते तसं नाही. जोडीजोडीने करायचं, एकाने गादीवर आडवं पडून जोरजोरात श्वास घ्यायचा, दुसऱ्याने शेजारी बसून सांभाळायचं, ढोल-ताशांसारखं कानठळ्या बसवणारं संगीत, शेवटी रंगीत खडूंनी गोल चित्र काढायचं, हा सगळा घाट स्टॅनिस्लाव ग्रोफ आणि त्यांची बायको क्रिस्टिना यांचा. ग्रोफ मूळचे प्रागचे मनोविकारतज्ज्ञ. एलएसडी हे भास घडवणारं औषध देऊन रुग्णांवर प्रयोग करायचे. त्या औषधावर बंधनं आली तेव्हा तशीच अवस्था औषधाशिवाय, नुसत्या श्वासाने आणता येईल का, हे त्यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात इसालेन नावाच्या संस्थेत बघितलं आणि त्याला होलोट्रॉपिक असं नाव दिलं. यात कमीपणा काही नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीला पाच हजार वर्षांचं लेबल लावायचं म्हणजे आमच्या धंद्यात एक्स्पायरी डेट खोडून नवी टाकण्यासारखं आहे.

पहिल्या दिवशी दुपारी माझी पाळी. माझ्या शेजारी बसायला इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा आला. डोळ्यांवर पट्टी. दिवे बंद. तोंडाने श्वास, मध्ये अजिबात थांबायचं नाही. दहा-बारा मिनिटांत ओठांभोवती मुंग्या आल्या. मग बोटांना. मग माझे हात आपोआप वळायला लागले. अंगठा तळव्याकडे, बाकीची चार बोटं ताठ आणि एकत्र, चोचीसारखी. सोडवायला गेले तर सुटेनात. तो शिकवणारा मुलगा माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, "हातात किती राग धरून ठेवलाय ताई, येऊ दे, येऊ दे."

राग नव्हता तो, कॅल्शियम होतं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढे जाऊन कुणी घाबरेल किंवा, त्याहून वाईट, कुणी भारावून जाईल. जोरात श्वास घेतला म्हणून रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही. धडधाकट माणसाचं रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्या बोटाला लावायच्या चिमट्यावर कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बघितलंय. वाढतं ते कार्बन डायऑक्साइडचं बाहेर जाणं. तो प्रमाणाबाहेर गेला की रक्त अल्कलीकडे झुकतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्तात मोकळं असलेलं कॅल्शियम कमी होतं. त्यातून मुंग्या, त्यातून वळलेले हात, त्यातून ते तरंगल्यासारखं, स्वप्नातल्यासारखं वाटणं. साधा श्वास सुरू केला की काही मिनिटांत सगळं जागेवर येतं. 'प्रत्येक पेशीला ऑक्सिजनची आंघोळ' असं त्यांच्या पत्रकात छापलं होतं. मेंदूपुरतं म्हणाल तर उलट.

एवढं सगळं माहीत असूनही मी रडले. वीसेक मिनिटं, हुंदके देऊन, त्या पोराच्या हातातले टिश्यू संपेपर्यंत. इथे मला माझीच हुशारी गुंडाळून ठेवावी लागते. मुंग्यांचं कारण कॅल्शियम. पण जे आलं ते कॅल्शियममधून आलं नाही. मला आण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, छातीतली शिट्टी ऐकू आली.

आण्णांना दमा होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पावसाळ्यात रात्री त्यांचा श्वास चढायचा, आणि मी बाहेरच्या खोलीत, पांघरुणात, त्यांची शिट्टी मोजत पडायचे. एक, दोन, तीन. मध्येच थांबली की माझ्या पोटात गोळा. परत सुरू झाली की पुढचा आकडा. आई उठायची, स्टोव्हला पंप मारायची, पाणी तापवायची. तो स्टोव्हचा आवाज आणि ती शिट्टी, दोन्ही मला त्या अंधाऱ्या हॉलमध्ये, त्या ढोलांच्या वर, स्पष्ट ऐकू आलं. आण्णांना जाऊन चौदा वर्षं झाली, आणि या गोष्टीची मला कधी आठवणसुद्धा झाली नव्हती.

म्हणून शिबिर फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. मग माझी तक्रार काय?

तक्रार संध्याकाळच्या चहाला सुरू झाली. माझ्या शेजारच्या गादीवरच्या बाई, दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी होती. बोलता बोलता म्हणाल्या, मला फिट्स यायच्या, आता गोळ्या चालू आहेत, तीन वर्षांत आली नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. ज्यांनी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढलाय त्यांना आठवेल, तंत्रज्ञ तीन मिनिटं मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतो. कशासाठी? मेंदूत फिटची काही गडबड असेल तर ती त्या श्वासाने जागी होते आणि कागदावर उमटते, म्हणून. दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली तीन मिनिटं जे करतात ते इथे अंधारात पाऊण तास करायचं होतं. मी विचारलं, "तुम्हाला फॉर्म भरायला दिला होता का?" त्या म्हणाल्या, "हो ना, त्यात जेवण जैन की साधं ते विचारलं होतं."

खरं आहे. माझ्याही फॉर्मात तेवढंच होतं, आणि टी-शर्टचं माप. ग्रोफ यांच्या पद्धतीतच स्पष्ट सांगितलेलं असतं की हृदयविकार, फिट्स, काचबिंदू, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे करू नये. पद्धत उचलली, चित्रं काढायचे खडूसुद्धा उचलले, नेमका हा कागद मागे राहिला.

मी त्या शिकवणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. तो हसून म्हणाला, "ताई, तुम्ही भीतीतून बोलताय. शरीराला सगळं कळतं." मी म्हटलं, "शरीराला कळत असतं तर माझं दुकान चाललं नसतं." शेवटी त्या बाईंना मीच पटवलं, दुसऱ्या दिवशी त्या पडल्या नाहीत, नुसत्या शेजारी बसल्या. त्यांची निराशा झाली, हेही खरं. इतके पैसे भरून आल्या होत्या.

आणखी एक गोष्ट अक्षम्य वाटली. समारोपाला कुणीतरी विचारलं, दम्याचा पंप सुटेल का? उत्तर मिळालं, "श्वासाशी मैत्री झाली की कुबड्या आपोआप गळून पडतात." टाळ्या. दम्याच्या माणसाला श्वासाच्या व्यायामाने हुशारी वाटते, धास्ती कमी होते, हे मान्य. पण त्याने नळ्यांची सूज जात नाही. डॉक्टरांना न विचारता पंप बंद केलेले लोक रात्री अकराला अर्ध्या शटरखालून वाकून माझ्याकडे येतात, वाक्य पुरं बोलता येत नाही त्यांना. टाळ्या वाजवणारं त्या वेळी कुणी सोबत नसतं.

शिबिरानंतर आठवडाभर मी हवेत होते. भांडी घासताना भरून यायचं, सेल्समनशी प्रेमाने बोलायचे. मग मार्च एंडिंग आलं आणि सगळं उतरलं. व्हॉट्सॅप ग्रुपवर 'लेव्हल टू'ची जाहिरात आली, १४,००० रुपये. ग्रुप सोडला.

आता वर्ग. सर निवृत्त शाळामास्तर, सत्तरीचे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकून आलेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली ती संस्था. योग्याला एक्स-रेखाली उभं करून, नळ्या लावून, पोटातला दाब मोजणारा संन्यासी म्हणजे काय गंमत असेल बघा. सरांनी तिथून वेगळं काही आणलं असेल नसेल, मोजायची खोड मात्र पक्की आणली.

पहिल्या दिवशी त्यांनी निळी शंभरपानी वही उघडली आणि नाव लिहायच्या आधी विचारलं, "बीपी? फिट्स? हर्निया? डोळ्यांचं काही? ऑपरेशन कधी?" मी तर जवळजवळ पाया पडले. मग म्हणाले, "पडा. पोटावर हात. एका मिनिटात किती होतात मोजा." माझे एकोणीस झाले. त्यांनी वहीत १९ लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. तीन आठवडे आम्ही अकरा जण सकाळी सहाला थंडगार फरशीवर चटया टाकून नुसते मोजत होतो. जानेवारीतला सातारा, अजिंक्यताऱ्यावरून उतरणारं वारं, आणि वरची ट्यूबलाइट अखंड गुणगुणणारी. एक गृहस्थ "हे तर मी घरीही करतो" म्हणून गेले ते आलेच नाहीत.

मग हळूहळू श्वास सोडणं लांबवायला लावलं. चार आकडे आत, आठ आकडे बाहेर. म्हणजे मिनिटाला पाच श्वास. मग अनुलोम-विलोम, पण कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नाही. "कुंभक मागू नका, मी देणार नाही." मग भ्रामरी. कपालभाती मागितली की सरांचा पारा चढतो. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत आहे, म्हणजे झाडलोटीत, प्राणायामात नाहीच, आणि टीव्ही बघून बीपीचे पेशंट पोट हापसत बसलेत, असं दहा मिनिटं चालतं. त्याच ग्रंथातलं एक सांगणं त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण, घाई केली तर तो साधकालाच मारतो. शिबिराच्या हॉलमध्ये हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

संथ श्वासाबद्दल मला आधीपासून कुतूहल होतं. इटलीतल्या संशोधकांचा एक लेख २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. लॅटिनमधली माळेची प्रार्थना आणि तिबेटी 'ओम मणि पद्मे हूं', दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते, असं त्यांना २३ माणसांवर दिसलं. मी घरी रामरक्षा म्हणत घड्याळ लावून बघितलं. एका दमात दोन चरण धरले की माझेही साडेसहा-सात होतात. आजी रोज तिन्हीसांजेला आम्हाला हेच करायला लावायची, फक्त ती त्याला प्राणायाम म्हणायची नाही, "गप बसा आता दहा मिनिटं" म्हणायची.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. पाचव्या आठवड्यात मोजताना माझा आकडा चुकायला लागला. सर म्हणाले, "मध्ये थांबताय तुम्ही. बघा कधी थांबताय." बघितलं. देवळाबाहेर गाडी थांबली, माझा श्वास थांबला. पुजाऱ्यांनी कडी काढली, थांबला. शेजारच्या काकू खोकल्या, थांबला. दुकानात गेले तर तिथेही तेच. गिऱ्हाइकाने चिठ्ठी पुढे केली, मी अक्षर लावायला लागले, श्वास बंद. फोन वाजला, बंद. घरी मुलगा "आई, एक सांगायचंय" म्हणाला, बंद. रात्री ह्यांना सांगितलं तर हे शांतपणे म्हणाले, "अगं, तू ऐकताना श्वासच घेत नाहीस. लग्न झाल्यापासून बघतोय. मला वाटलं, तुझी पद्धत आहे."

ऐकण्यासाठी श्वास थांबवायचा, म्हणजे दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो. नऊ वर्षांच्या मुलीला पांघरुणात ते करावं लागत होतं. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला काउंटरवर करायचं कारण नाही, पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ते थांबवलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हे सगळं सांगितलं. आण्णा, शिट्टी, शिबिरातलं रडू, सगळं. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "बरं. मग आता सोडताना आठ मोजा." मला राग आला. खरंच आला. दोन दिवस गेले नाही. ही सरांची मोठी उणीव आहे, आणि ज्यांना आतलं बोलायला माणूस हवा आहे त्यांनी या वर्गाच्या भरवशावर राहू नये. त्यासाठी समुपदेशक असतात, साताऱ्यातही आहेत. सरांना मनाबद्दल बोलता येत नाही. प्रश्न विचारला की श्लोक येतो. वर्ग पावणेसातला संपायचा तो सव्वासातला संपतो, आणि ज्यांची मुलं शाळेत जाणारी आहेत त्या बायका घड्याळाकडे बघत भ्रामरी करतात. डास आहेत. बाथरूम नाही.

पण तिसऱ्या दिवशी मी गेले आणि आठ मोजले.

शिबिराने आठवण दिली, वर्गाने ती कुठे मुरलीय ते दाखवलं. शिबिर झालं नसतं तर श्वास अडकतो हे कळलं असतं, का अडकतो ते कदाचित कळलं नसतं. म्हणून त्याला पाचपैकी दोन तारे देते, आणि त्यांनी फॉर्मात टी-शर्टच्या मापाऐवजी आजार विचारायला सुरुवात केली तर तीन देईन. वर्गाला चार. एक बाथरूमसाठी राखून ठेवलाय.

जाणाऱ्यांसाठी: स्वतःची चटई न्या, जाड न्या. पहाटे चहा पिऊन जाऊ नका, सरांना वासाने कळतं. पहिल्या महिन्यात काहीही होत नाही. माझा वहीतला शेवटचा आकडा १३ आहे, आणि तो नुसता पडून असताना, मुद्दाम लांबवलेला नाही.

गेल्या आठवड्यात त्या फिट्सच्या बाई दुकानात आल्या होत्या. साताऱ्यात बहिणीकडे आलेल्या, पत्ता शोधत आल्या. महिनाभर राहणार होत्या, वर्गाला येऊ का म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, सर त्याशिवाय वही उघडत नाहीत. त्या बराच वेळ बोलत होत्या, शिबिराबद्दल, घराबद्दल. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी ऐकत होते, आणि मध्येच लक्षात आलं, पोट हलतंय.